प्लॉटवाले साहेब

मुळशीत दहा गुंठे घेतलेले पुण्याचे साहेब निसर्गाच्या कुशीत येतात ते निसर्गाला शिस्त लावायला. कलमं लावण्याआधीच त्यांच्या एक्सेलमध्ये पाचव्या वर्षीचे आंबे मोजून, नातेवाइकांत वाटूनही झालेले असतात. तळहाताएवढ्या हिरवळीवर चार कॅमेरे. ऑफिसात मीटिंग चालू असताना ते मांडीवरच्या मोबाइलमध्ये कलमाचा फुटवा शोधतात आणि दिसतो भिंगावर जाळं विणणारा कोळी. मग राखणदाराला फोन: “मामा, अ‍ॅपवर दोनचा पाऊस होता, पडला का नाही?” मामा शांतपणे म्हणतात, “त्याला इचारून सांगतो, सायेब.”

साहेबांनी आंब्याची आशा धरली यात काही वावगं नाही. मेहनत आणि फळ, दोन्हींचा सातबारा आपल्याच नावावर आहे असं ते धरून चालतात, तिथे घोटाळा होतो. मुळशीतल्याच ताम्हिणीत २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस कोसळला. असल्या मुलखात शेतकरी राब भाजतो, रोपं टाकतो, चिखलणी करतो, बांध राखतो, तेही वेळच्या वेळी. आंबेमोहोर भात उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो, हे ठाऊक असूनही लावतो. साहेब मात्र पावसावर पाळत ठेवण्यात इतके गुंततात की कलमाच्या बुंध्याचं गवत तसंच राहतं.

यावर साहेब विचारतील, “मग काय हातावर हात धरून बसायचं? तसं बसलो असतो तर टाटांचं धरण झालं असतं का?” प्रश्न रास्त आहे. पण धरण येणाऱ्या पाण्याला जागा करून देतं. पाऊस किती यायचा हे भिंत ठरवत नाही. शिवाय त्याच धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीकरांनी सत्याग्रह केला आणि पांडुरंग महादेव बापट त्यातूनच ‘सेनापती’ झाले. धरण झालं, जमिनी बुडाल्या. निकालाची हमी मिळाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हा साहेबांचा नियम बापटांनी पाळला असता तर त्यांचा तुरुंगवास वाचला असता, पण सत्याग्रहही झाला नसता. फळ आपल्या हातात नाही ही शेतकऱ्याची समजूत हौसेची नाही, नाइलाजाची आहे, असंही कुणी म्हणेल. ते खरंच आहे. म्हणून तर पीक गेलं की तो पंचनाम्यासाठी तलाठ्याच्या मागे लागतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा राब भाजतो. साहेब मात्र दोन कलमं वाळली की प्लॉट विकायला काढतात आणि जाहिरातीत लिहितात: ‘मनःशांतीसाठी उत्तम जागा.’