केबलकाका

फ्रीमाँटच्या आमच्या मराठी मंडळींत कुणाचा मॉनिटर रुसला की पहिला फोन केबलकाकांना जातो. आईवडिलांनी ठेवलेलं भारदस्त नाव आता फक्त ग्रीन कार्डावर उरलंय.

त्यांच्या गराजमध्ये गाडी शिरत नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांच्या चळती, आणि प्रत्येकावर चिकटपट्टी : ‘व्हीजीए, जाड’, ‘व्हीजीए, बारीक’, ‘देऊन टाकणे’. हा शेवटचा डबा सगळ्यात ठासून भरलेला, कारण काका काहीच देऊन टाकत नाहीत. एका नागपंचमीला काकूंनी गराजच्या दाराशी दुधाची वाटी ठेवली होती. तेव्हापासून त्या घरात हा विषय निघत नाही. २०२१च्या फेब्रुवारीत ‘फ्राइज’ ही इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं एकाएकी कायमची बंद झाली, तेव्हा काकांनी सुतक पाळलं म्हणतात. मला यात काही अतिशयोक्ती वाटत नाही.

गेल्या महिन्यात माझी पाळी आली. ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा कॉम्प्युटर एकाच मॉनिटरवर चालवायला मी केव्हीएम स्विच आणला. बटण दाबलं की कीबोर्ड, माऊस आणि चित्र तिघं मिळून या घरून त्या घरी. पण पडदा मधूनच काळा व्हायचा, मग चांदण्या चमकायच्या. स्विच परत करायला निघालो तोच काका डबा घेऊन हजर.

“स्विचला कशाला बोल लावतोस? केबल दाखव.”

गुडघेदुखीची तक्रार विसरून ते टेबलाखाली शिरले. व्याख्यान तिथूनच सुरू झालं. “व्हीजीए म्हातारपणासारखं रे. वायर लांबली की चित्र हळूहळू उतरतं, अक्षरांना सावल्या पडतात. माणसाला तेवढीच सवय होते. डिजिटल म्हणजे दादरची लोकल. मिळाली तर मिळाली, नाहीतर गेली!”

“पण काका, पिना सोन्याच्या आहेत.”

“सोन्यानं पिना गंजत नाहीत, एवढंच. चित्र गोरं होत नाही.”

४के चित्र ६० हर्ट्झवर हवं, तर एचडीएमआयमधून सेकंदाला १८ गिगाबिट जावे लागतात. त्यात स्विच मध्ये आला की एका केबलच्या दोन होतात, आणि त्यातली एक जरी लेचीपेची निघाली तरी दुसरीचं मोठेपण वाया. लॅपटॉपकडची मी पैसे मोजून घेतली होती. मॉनिटरकडची मात्र कुठल्याशा जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर फुकट आलेली, चांगली पंधरा फुटी, टेबलाखाली वेटोळं घालून बसलेली.

काकांनी डब्यातून सहा फुटी ‘प्रीमियम हाय स्पीड’ काढली. सोनार हॉलमार्क बघतो तसं तिच्या वेष्टणावरचं लेबल फोननं तपासलं, केबल लावली, बटण पाच वेळा दाबून पाहिलं. मग चहा घेतला. दोन कप.

महिना झाला, पडदा एकदाही काळा पडलेला नाही. माझी पंधरा फुटी काका जाताना घेऊन गेले. ती ‘देऊन टाकणे’मध्ये आहे.