लाभ, दोन, तीन

फाइलीतल्या ओळी मोजण्याचं काम ज्याच्या वाट्याला आलं आहे, त्याने प्रथम हे समजून घ्यावं की यादी कोणालाच नको असते. हवा असतो आकडा. तोही संध्याकाळी साडेपाचला, फोनवर. "किती झाले? फक्त आकडा सांगा." यवतमाळ जिल्ह्यात तालुके सोळा, प्रत्येक तालुक्यात असा एक साहेब, आणि त्या साहेबामागे माझ्यासारखा एक ऑपरेटर. २०१७ ची कर्जमाफी, त्याच हंगामातलं बोंडअळीचं अनुदान, २०१९ ची कर्जमाफी, दरवर्षीचा पीकविमा. योजना बदलते, प्रश्न बदलत नाही.

नियम पहिला. मोजण्यासाठी फाइल उघडू नये. माझ्या आधीचे गृहस्थ ती नोटपॅडमध्ये उघडत, तळाशी जात आणि कोपऱ्यातला ओळ क्रमांक वाचत. फाइल मोठी असली की कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरू लागे आणि ते चहाला जात. एक्सेलमध्ये उघडणं त्याहून घातक. आजच्या एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या एक्सएलएस नमुन्यात फक्त ६५,५३६. पुढच्या ओळी बाहेर राहतात. २०२० मध्ये इंग्लंडात या जुन्या नमुन्यापायी करोनाचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून निसटले. तिथेही कोणाला तरी साडेपाचला आकडा द्यायचा असणार.

नियम दुसरा. 'डब्ल्यूसी' नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे, १९७१ पासूनचा, युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीतला. त्याला 'उणे एल' सांगून फाइल दाखवावी. लाखभर ओळींचा आकडा डोळ्याचं पातं लवायच्या आत देतो. मात्र तो ओळी मोजत नाही. ओळ संपल्याची खूण मोजतो. शेवटच्या ओळीनंतर कोणी एंटर दाबलं नसेल, तर ती ओळ त्याच्या लेखी झालीच नाही, आणि एक शेतकरी कमी भरतो.

मला हे पुस्तकातून कधी कळलं नसतं. आजी ज्वारी मोजायची ते आठवलं. पहिल्या पायलीला ती 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. लाभ, दोन, तीन. शेवटी राशीच्या तळाशी अर्धीमुर्धी पायली उरायची. ती मोजणीत धरायची नाही, पण पोत्यात मात्र टाकायची. "पायली भरली नाही तं पायली कशी म्हनू? अन् म्हून काय फेकून देऊ?" डब्ल्यूसीचं पहिलं वाक्य आजीचं आहे. दुसरं त्याला येत नाही. त्याच्याऐवजी 'ग्रेप उणे सी' घेऊन रिकामा शोध दिला, तर उरलेली अर्धी पायलीही धरली जाते.

नियम तिसरा. पायथॉनमध्ये 'रीडलाइन्स' वापरू नये. ते म्हणजे बंडीभर कापूस ओसरीत ओतून मग गाठोडी मोजणं. घरात पाय ठेवायला जागा राहत नाही. फाइल बाइटांच्या रूपात उघडावी, एक-एक मेगाबाइटचा घास घ्यावा, त्यातल्या ओळ संपल्याच्या खुणा मोजाव्या आणि घास सोडून द्यावा. अक्षरं वाचायची गरजच नाही, म्हणून हे झपाट्याने होतं.

अक्षरं वाचायची गरज नाही. हे वाक्य मी मोठ्या अभिमानाने बोललो होतो. आता नियम चौथा.

ओळ संपल्याची खूण म्हणजे 'दहा' हा बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं अक्षर तीन बाइटांचं, आणि त्या तिघांत दहा कधीच येत नाही, बिनधास्त मोजा. पण एक्सेलमधून फाइल 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून काढली की ती यूटीएफ-१६ होते. त्यात अक्षराचे बाइट दोन. आणि आपल्या 'ऊ'चे ते दोन बाइट कोणते? नऊ आणि दहा. (नुसतं 'नऊ' लिहिलं तरी एक ओळ वाढते.) म्हणजे भाऊराव नावाचा शेतकरी एकटा असून दोन भरतो. आडनाव राऊत असेल तर तीन. उमरखेडकडचा असला, पोफाळीच्या कारखान्याच्या भरवशावर पिकाच्या रकान्यात 'ऊस' लिहिलेला असला, तर चार. दत्तूला काही होत नाही, त्याची वेलांटी... नव्हे, त्याचा दीर्घ उकार निरुपद्रवी. आमच्या भागात भाऊ आणि राऊत किती आहेत हे मी काय सांगावं! दर चार घरांमागे एक तरी हाक मारली की वळतो.

नियम पाचवा. शीर्षकाची ओळ वजा करावी. 'अ.क्र.' हा लाभार्थी नाही.

नियम सहावा. पत्त्याच्या रकान्यात 'मु.' नंतर एंटर आणि 'पो.' नंतर एंटर मारणारा माणूस सापडला, तर त्याला रागावू नये, सीएसव्ही वाचणारं तयार मॉड्यूल वापरावं. मी रागावलो होतो. तो माणूस मीच निघालो.

चौथा नियम मला कळला तोवर आकडा जाऊन दोन दिवस झाले होते. मी स्वतःहून फोन लावला.

"साहेब, परवाचा आकडा जास्त गेला."

"काहून?"

"ऊ-मुळं."

थोडा वेळ काही आवाज नाही. मग: "डोक्यातली?"

मी बाइट समजावून सांगितले. नऊ आणि दहा सांगितले. भाऊराव सांगितला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, हे कबूल केलं पाहिजे.

"बरोबर आहे तुमचं. पन तो आकडा वर गेला ना आता. वापस घ्याचा म्हटलं तं खुलासा द्या लागते. राहू द्या."

खुलासा मी लिहून ठेवला होता. कोणी मागितला नाही. फाइल अजून डेस्कटॉपवर आहे. ओळी चौदा. यूटीएफ-१६ मध्ये मोजल्या तर सदतीस.