सोफा सागवानी, अटक डिजिटल

गडचिरोलीतल्या आमच्या मुलचेऱ्यात कुत्रा पाळतात, फिरवत नाहीत. तो आपला आपण फिरतो, आणि रात्री परत आला की घरच्यांना हायसं वाटतं. पहाटेच्या अंधारात कुत्रा घेऊन बाहेर पडणं हा आमच्याकडे व्यायाम नाही. ती बिबट्याला घरपोच न्याहारी. बदलून आलेल्या एका साहेबांना हे ठाऊक नव्हतं. सोबत लॅब्राडोर, अंगात ट्रॅकसूट. पहिल्याच दिवशी साडेपाचला निघाले. वनरक्षकाने अदबीने दोन शब्द सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून साहेबांचा मॉर्निंग वॉक साडेसातला सुरू होऊ लागला. मागे गावातली यच्चयावत मोकाट कुत्री, मिरवणुकीसारखी. पानठेल्यावरचा म्हातारा म्हणाला, "येवढं मोठं जनावर, अन् एकटं फिराले भेते का जी?"

ते बरोबरच भीत होतं. बिबट्या नाल्यापलीकडे असला तरी कुत्र्याला वास येतो. शेपूट आत, कान मागे, पाय घराकडे. मोबाइलमध्ये ही सोय अजून कोणी बसवलेली नाही.

आणि मोबाइलमधले बिबटे वेळकाळ पाळत नाहीत. रस्त्यावरच्या चढावर नेटवर्क लागतं, लागल्याबरोबर निरोप टपकतात. गावातल्या एका मास्तरांच्या नावाने फेसबुकवर दुसरं खातं उघडलेलं, फोटो तोच, हसू तेच. खाली मजकूर : माझे मित्र सीआरपीएफमध्ये अधिकारी आहेत, तातडीने बदली झाली, घरचं फर्निचर अगदी स्वस्तात द्यायचं आहे. ही थाप देशभर फिरून आली आहे. पुण्यामुंबईला सीआरपीएफचा अधिकारी म्हणजे टीव्हीत दिसणारा माणूस. आमच्याकडे तो आठवडी बाजारात वांग्याचा भाव करतो आणि त्याची बदलीही खरोखरच होते. त्यामुळे भामट्याचा निम्मा डाव इथे आयताच जमतो.

घोडं पेंड खातं ते फर्निचरपाशी. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023च्या मार्चमध्ये बल्लारपुराहून वाजतगाजत सागवान रवाना झालं, ते आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचं. आलापल्लीच्या जंगलातली जुनी झाडं बघायला लांबून लोक येतात. अशा मुलखात फोटोतला सोफा दाखवून 'असली सागवान' म्हणणं हे धाडसच. आमच्या एका सुताराने फोटो मोठा करून पाहिला, सोफ्याच्या हाताच्या कडेची रेषा निरखली आणि उत्तर टाकलं, "साहेब, लाकडाची टीपी हाय का?" टीपी म्हणजे वनखात्याचा वाहतूक परवाना. त्याशिवाय इथे ओंडका गाडीत चढत नाही. भामट्याने तत्काळ सुताराला ब्लॉक केलं. वनखात्याच्या धाकाचा असा उपयोग पहिल्यांदाच पाहिला.

डिजिटल अटकेचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल, समोर गणवेश, मागे झेंडा. मग लाल शिक्क्याचं पत्र आणि हुकूम : घराबाहेर पडायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. शहरातले शहाणे विचारतात, शिकलीसवरली माणसं कागदाच्या चित्राला भितात कशी? त्यांनी एकदा आमच्याकडचा डिसेंबर अनुभवायला हवा होता. गडचिरोलीच्या दक्षिणेत वर्षानुवर्षं झाडाला नक्षलवाद्यांचं एक पत्रक चिकटलं की बाजार बंद, एसटी बंद, माणसं घरात. 28 जुलै ते 3 ऑगस्टचा शहीद सप्ताह, 2 ते 8 डिसेंबरचा त्यांच्या सशस्त्र दलाचा, पीएलजीएचा सप्ताह. पोरांना सणांइतक्याच या तारखा पाठ. लाल शाईचं पत्रक खरं की खोटं, हे तपासायला झाडाजवळ जाण्याची हौस कोणाला होती? ज्यांच्या नावाचा दरारा होता त्या नक्षल नेते भूपतींनी 2025च्या ऑक्टोबरमध्ये मुख्यमंत्र्यांसमोर बंदूक खाली ठेवली. झाडावरचा कागद गेला, मोबाइलमध्ये कागद आला. घरात बसायचा सराव आमचा चांगला झालेला आहेच.

कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही, हे पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं. पुढे अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली सावधगिरीची सूचना फोन लावला की वाजू लागली. अँब्युलन्स बोलवायची असली तरी आधी ती ऐका. लोक चिडले, 2025च्या जूनमध्ये ती थांबली. पैसे गेले तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवायचं असतं, एवढं मात्र त्या कटकटीतून डोक्यात राहिलं.

आम्हाला खरा आधार आहे तो आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचा. वडशाला नाटक कंपन्यांची दुकानं, दिवाळीनंतर गावोगाव मंडप, रात्रभर गाणी, हार्मोनियम-तबला, खलनायकाला शिव्या. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांनी रात्ररात्र जागून असले पोलीस ठाण्याचे पडदे पाहिलेत, त्यांच्यापुढे भामट्यांचं नाटक उभं करणं सोपं नाही. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींना 'इन्स्पेक्टर'चा कॉल आला, तेव्हा त्यांचं लक्ष आधी शर्टाच्या बाह्यांकडे गेलं. बाह्या कोपराखाली लोंबत होत्या. वायरलेसचा खरखराटही दर बारा सेकंदांनी तोच. गुरुजींचं मत पडलं, "पार्श्वसंगीत लई कमजोर हाय."

शिवाय शांतता कुठून आणायची? भामटा म्हणतो, एकट्याने बसा, दार लावा. इथे हिवाळ्यात दार लावून काय होणार? पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना साठ-सत्तरच्या दशकांत या भागात वसवलं. त्यांच्या गावांत खोल-करतालावर हरिनाम सुरू झालं की अखंड चालतं. दुसरीकडून नाटकाचा भोंगा, तिसरीकडून वरातीचा डीजे. आवाजाच्या मर्यादेबद्दल मी या सदरातून अनेकदा तक्रार केली आहे आणि पुढेही करीन. पण त्या रात्री भामट्याने खात्याचा नंबर तीनदा विचारूनही गुरुजींना ऐकू आलं नाही, हेही नोंदवलं पाहिजे.

गुरुजींनी मग स्वतःच सूत्रं हातात घेतली. इन्स्पेक्टर ओरडला, "तुमच्या आधार कार्डावर मुंबईत पार्सल पकडलंय!"

"सापडलं का जी? पाठवा ना. इकडं कुरिअर येतच नाही, आष्टीपर्यंत तरी पाठवा, पुढं मी गाडी काढतो."

"अहो, त्यात ड्रग्ज आहेत! तुम्ही अटकेत आहात!"

"ते राहू द्या. कॅश ऑन डिलिव्हरी हाय ना?"