अर्थिंगला पाणी

ज्याच्या स्पीकरमध्ये पॅसिव्ह क्रॉसओव्हर आहे त्याने आपण गाणं ऐकतो असं म्हणू नये, हे मत मी चारचौघांत मांडायला लागलो तेव्हा चौघांतले दोघे चहा अर्धा टाकून उठले. तिसऱ्याला फोन आला. चौथे आमचे साडू. ते आमच्याकडेच मुक्कामाला असल्यामुळे त्यांना जायला जागा नव्हती. "म्हणजे नेमकं काय असतं हो ते?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी कधीचा दबा धरून बसलो होतो.

पेटीत मोठा वूफर असतो आणि छोटा ट्विटर. डग्ग्याचा घुमारा वूफरने सांभाळायचा, चाटीची किनार ट्विटरने. दोन-अडीच हजार हर्ट्झच्या आसपास कुठेतरी दोघांची हद्द आखावी लागते. साध्या पेटीतला पॅसिव्ह क्रॉसओव्हर ही वाटणी अ‍ॅम्प्लिफायरच्या नंतर करतो, कॉइल आणि कपॅसिटर लावून. म्हणजे स्वयंपाक झाल्यावर एकाच पातेल्यातून ओढाओढ. अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर कोरडा शिधाच आधी वाटून देतो आणि मग ज्याची त्याची चूल वेगळी.

"चूल म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर का?" साडूंनी बरोबर ओळखलं. "मग दोन पेट्यांना चार लागतील."

चार. थ्री-वे केलं तर सहा. आतून हिचा आवाज आला, "सहा कुठे ठेवणार तेही विचारा त्यांना."

निवड सोपी नव्हती, आणि सोपी असती तर मी केलीच नसती. एक पंथ अ‍ॅनालॉगवाल्यांचा. त्यांचं दैवत लिंकविट्झ-रायली. झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघे ह्युलेट-पॅकार्डमधले इंजिनिअर. लिंकविट्झ यांचा या विषयावरचा निबंध १९७६ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. हद्दीवर वूफर ६ डेसिबल खाली, ट्विटरही ६ डेसिबल खाली, दोघांची फेज मात्र एकच. त्यामुळे बेरीज सपाट येते. हद्दीपलीकडे दर सप्तकाला २४ डेसिबलचा उतार. हे मी लग्नाच्या पंगतीतही सांगितलं आहे, जिलबी वाढणाऱ्याला थांबवून.

दुसरा पंथ डीएसपीवाल्यांचा, म्हणजे डिजिटलवाल्यांचा. तिथे सगळं गणिताने होतं, वर प्रत्येक स्पीकरचा आवाज मिलिसेकंदाच्या हिशेबात उशिरा सोडता येतो. एका मिलिसेकंदात ध्वनी साधारण ३४ सेंटिमीटर जातो. पण हे २० अंश तापमानाला. जालन्यात मे महिन्यात ४२ अंश असताना तो सेकंदाला ३४३ऐवजी ३५७ मीटरच्या आसपास धावतो. तेव्हा उन्हाळ्यात डिले बदलावा की कूलर लावावा, या प्रश्नाने माझी झोप उडाली. आमची खोली दहा बाय बाराची आणि ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास सात मीटर, ही बाब मी घरात कुणाला कळू दिली नाही.

शेवटी अ‍ॅनालॉगच घ्यायचं ठरलं, कारण त्याला फिरवायला बटणं असतात. दुकानातल्या पोराने फळीवरून खोका काढला आणि म्हणाला, "हे घरात कशाला वो काका? आमच्या डीजेला असतंय हे."

मला घाम फुटला. मोती तलावाकडे निघालेल्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून जे आमच्या खिडक्यांची तावदानं खुळखुळवतं, ज्याविरुद्ध मी वळणदार अक्षरात अर्ज दिलेले आहेत, त्याच्या पोटातही लिंकविट्झ-रायलीच! तोच २४ डेसिबलचा उतार! एखाद्याने आपलं गोत्र सांगावं आणि ते नेमकं आपलंच निघावं.

घरी आणून चालू केलं. गाण्याआधी घूं आली. घूं म्हणजे आपल्या विजेचा ५० हर्ट्झचा स्थायी स्वर, आणि मला कुणीतरी सांगितलं की अर्थिंग सुकलं असेल.

आता इथे थोडं थांबावं लागेल, कारण अर्थिंग या विषयाकडे आपल्या समाजाने अक्षम्य दुर्लक्ष केलेलं आहे. घरामागे खड्डा असतो. त्यात पाइप किंवा पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. पण या साऱ्याला हवी ओल. ओल गेली की जमीन वीज घ्यायला कुरकुरते. आणि ओल मागायची कुणाकडे, तर जालन्याकडे! निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावाकडे डोळे लावून बसलेलं हे गाव. २०१२-१३च्या दुष्काळात ते टँकरवर जगलं. पुढे जायकवाडीचं पाणी आलं, तरी नळाची वेळ विचारायची सवय काही सुटली नाही. अशा गावात मी रोज रात्री बादली घेऊन खड्ड्याला पाणी घालू लागलो. "माणसांना पुरत नाही अन् तुम्ही तारेला पाजताय," ही म्हणाली. मग मी पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनचं वाया जाणारं पाणी वापरू लागलो. त्यात क्षार जास्त, म्हणजे अर्थिंगला उलट ते पौष्टिकच. शेजारच्या आजींनी भिंतीवरून विचारलं, कोणतं व्रत आहे म्हणून. मी व्रताचं नाव सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खड्ड्याशेजारी दोन फुलं ठेवायला सुरुवात केली. घूं निम्मी झाली. ती फुलांमुळे झाली असं मी म्हणत नाही.

उरलेली निम्मी घालवायला दुकानातला तो पोरगा आला. त्याने सगळ्या मशिनींच्या पिना उपसून एकाच बोर्डात खोचल्या. "लूप होता काका," म्हणाला. घूं गेली. ती पाण्याने गेली की बोर्डाने, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

मग तो बटणांना बसला. कागद नाही, मीटर नाही, नुसता कान. हद्द कुठे आखायची हे त्याने मला लागला त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या वेळात ठरवलं आणि ते अचूक होतं. फक्त ट्विटर तो वाढवतच गेला. स, श कानात सुईसारखे टोचायला लागले. आतून मुलगी ओरडली, "बंद करा ते!"

पोरगा माझ्याकडे बघत राहिला. "लई होतंय का? मला तर कमीच वाटायलंय." मग जरा थांबून म्हणाला, "सीझनला बेससमोरच उभं राहावं लागतं ना. रात्री पडल्यावर कानात शिट्टी वाजती." वय असेल पंचविशीचं.

८५ डेसिबलमध्ये माणसाने आठ तास काढावेत, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा, हा हिशेब मला पाठ आहे. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. मिरवणूक पंधरा मिनिटांत चौकसुद्धा ओलांडत नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, दहानंतर बंद, २००० सालचे नियम. हे सगळं माझ्या अर्जांत कलमवार आहे. तावदानं आहेत, शेजारच्या आजींचं ब्लडप्रेशर आहे, परीक्षा देणारी मुलं आहेत. रॅकमागे उभा असलेला माणूस एकाही अर्जात नाही. त्याला मी आवाजाचाच एक भाग धरून चाललो होतो, आणि त्याच आवाजाने त्याचा कान खाल्ला. इतका चांगला कान.

शेवटी मुलीला बाहेर बोलावलं. "ताई, तुम्ही सांगा," म्हणत तो बटण फिरवत गेला आणि "बास" म्हटल्यावर थांबला. वरच्या पट्टीत मलाही फारसं काही येत नसावं, कारण तिने "बास" म्हटल्यावर आम्ही दोघांनीही सारख्याच अदबीने माना डोलावल्या.

पैसे देऊ केले तर घेईना. दारात चपला घालता घालता म्हणाला, "काका, गणपतीत दहा दिवस हे देता का? आमचं एक बंद पडलंय."

मी आत पाहिलं. ही म्हणाली, "द्या की. तेवढे दिवस खड्ड्याला सुट्टी."

मी अट घातली: कानात बोळे घालून उभा राहणार असशील तरच.

"बोळे घातल्यावर बेस कसा कळणार?" तो म्हणाला. मी हटलो नाही. त्याने क्रॉसओव्हरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चप्पल पुन्हा काढली, पुन्हा घातली.

"एका कानात घालतो."