बोट तालुक्यालाच ठेवा

‘गुलदार’ हे नौदलाचं निवृत्त जहाज सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्राच्या तळाशी न्यायचं आणि तिथे पाण्याखालचं संग्रहालय उभारायचं, असा प्रकल्प आहे. केंद्राने त्यासाठी 46 कोटी 91 लाख रुपये मंजूर केले. फेब्रुवारी 2025 मध्ये कारवारच्या तळावर जहाज राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यातही आलं. कोकणात पर्यटक येवोत, चार घरांना रोजगार मिळो. आपल्या हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, तरी या जहाजाकडून आपण घ्यावं असं एक काम आहे.

गुलदार पोलंडमध्ये बांधलं, 1985 च्या डिसेंबरात आपल्या नौदलात आलं. सोव्हिएत संघ, इजिप्त, इराक, व्हिएतनाम अशा कितीतरी नौदलांनी याच जातीची जहाजं वापरली, कारण त्यांना बंदर लागत नाही. लांबी 80 मीटरच्या वर, पण तळ उथळ. किनारा जवळ आला की मागचा नांगर आधीच पाण्यात सोडतात, मग नाक सरळ वाळूत घालतात आणि पुढचं दार उघडतात. माणसं, रणगाडे, सामान थेट किनाऱ्यावर. काम झालं की त्याच नांगराचा दोर गुंडाळत जहाज स्वतःला मागे खेचून घेतं. युक्ती लढाईसाठी शोधलेली, पण 2004 च्या त्सुनामीत मदतीला हीच जहाजं धावली. बंदराची वाट न पाहता थेट माणसांपर्यंत पोचणं, हेच ते काम.

आता आपल्याकडे या. जुलै 2022 मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं. मराठवाड्यातला पूर असाच येतो. संध्याकाळी कोरडा असलेला ओढा पहाटे गावात असतो. अशा वेळी पहिल्या दोन-तीन तासांत जो पोचेल तोच माणूस वाचवतो. राष्ट्रीय आपत्ती दलाची बटालियन पुण्याजवळ, म्हणजे चारशे किलोमीटरच्या पुढे. राज्य आपत्ती दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. निघणारे जवान जिवावर उदार होऊन निघतात, पण पुरात सगळ्यात आधी बंद होतो तो रस्ता.

आणि हिंगोलीत काय आहे? राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 आहे! राज्य आपत्ती दलात माणसं याच राखीव दलातून घेतात. मग या गटातली एक तुकडी पूर-बचावासाठी तयार करून इथेच का ठेवू नये? दुसरं बळ तर आणखी जवळ आहे. इसापूर आणि सिद्धेश्वरच्या जलाशयांत जाळी टाकणारे भोई बांधव वारा आणि पाणी जन्मापासून ओळखतात. पूर आला की गावकरी आधी त्यांनाच हाक मारतात आणि ते काहिलीत किंवा तराफ्यावर बसून निघतातही. त्यांना रीतसर प्रशिक्षण द्या, लाईफ जॅकेट द्या, विमा काढा, पावसाळ्याचे चार महिने मानधन द्या. ही मेहरबानी नव्हे, जोखमीच्या कामाचा मोबदला आहे.

वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ या तिन्ही तालुक्यांना स्वतःची बोट हवी, आणि ती तहसीलच्या गोदामात कुलपात नको. पडून राहिलेलं रबर उंदीर कुरतडतात, मोटारीतलं जुनं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटर चोंदतो, आणि हे कळतं ते ऐन पुरात. म्हणून दरवर्षी मे महिन्यात तहसीलदारांनी सिद्धेश्वरच्या पाण्यात प्रत्येक बोट उतरवावी, बारा नंबरचे जवान आणि भोई एकत्र बसवून पैलतीराला नेऊन आणावी. जिची मोटार सुरू होणार नाही, ती मृगाच्या आत दुरुस्त व्हायलाच हवी.