आग्र्याहून सुटका

डोंबिवलीच्या काकांनी आग्र्याचा बेत तीन महिने आधी वहीत लिहून काढला होता. कल्याणला पंजाब मेल, गुरुवारी संध्याकाळी आग्रा कँट, शुक्रवारी पहाटे ताजमहाल. सोमवार त्यांनी मुद्दाम टाळला, कारण वस्तुसंग्रहालयं सोमवारी बंद असतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ताज शुक्रवारी बंद असतो, एवढंच ठाऊक नव्हतं.

सकाळी साडेसहाला कानटोप्या चढवून दोघं निघाले, तर बॅटरी रिक्षावाला हसून म्हणाला, "आज तो जुम्मा है, बाबूजी." शुक्रवारी तिथल्या मशिदीत दुपारची नमाज होते, पर्यटकांना प्रवेश नाही. काकूंनी काकांकडे नुसतं पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर त्या नजरेला शब्द लागत नाहीत.

"किल्ल्यावरून दिसतो," काका म्हणाले.

दिसतो खरा. औरंगजेबाने 1658 मध्ये बापाला याच किल्ल्यात कोंडलं, आणि मुसम्मन बुरुजातून शहाजहान मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ वर्षं, ताजकडे बघत राहिला असं सांगतात. काकांना आठ मिनिटंही मिळाली नाहीत. जानेवारीचं धुकं असं बसलं होतं की खालची यमुनाही दिसेना. तब्बल 73 मीटर उंचीची इमारत भरदिवसा बेपत्ता! किल्ल्याचा बराचसा भाग लष्कराकडे असल्याने तिकडेही जाता येईना.

"कोहरा है," शेजारचा गाइड म्हणाला.

"कोहळा?" काकूंचे डोळे चमकले. "कुठाय?" त्या दरवर्षी सांडगे घालतात.

काकांना थोडा आनंद झाला तो अमरसिंह दरवाज्यासमोर, शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी. तो जवळ असल्याने धुक्यातही दिसला. शहाजहान वारला जानेवारी 1666 मध्ये, महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले 12 मेला आणि ऑगस्टमध्ये निसटले, हे काकांनी तारखांसकट सांगितलं. काकूंनी सुटकेच्या वेळी वार कोणता होता ते विचारलं.

दुपारनंतर शेवटचा डाव म्हणून यमुनेपलीकडची मेहताबबाग. इथे शहाजहान काळा ताज बांधणार होता, अशी दंतकथा आहे. उत्खननात मात्र काळा ताज काही निघाला नाही, निघाला तो एक अष्टकोनी हौद. काकांना पांढराही दिसला नाही. पण चार वाजता धुक्यात एक घुमट पुसटसा उमटला, काकांनी मोबाइल काढून चष्मा पुसेपर्यंत तो आत गेला. फोटोत राखाडी रंग आहे आणि काकांचा अंगठा.

मग पेठा. पेठा कोहळ्याचाच असतो. फोडी चुन्याच्या निवळीत ठेवून, उकडून पाकात मुरवतात, हे दुकानदाराकडून काढून घेताना काकूंचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा खुलला. पाच डबे घेतले. महाराज मिठाईच्या पेटाऱ्यांतून निसटले अशी कथा आहे; काकांना पेटारे स्वतःच उचलावे लागले, आणि धुक्यामुळे गाडीही साडेपाच तास लेट होती.

फलाटावर सोसायटीतल्या वहिनींचा फोन आला. ताज बघितलात का?

"कुठला हो," काकू म्हणाल्या, "नुसता कोहरा होता."

"अय्या, मग आमच्यासाठी एक किलो आणा!"