ट्रक कॅम्परची स्वहस्ते डागडुजी

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायच्या सुट्या खोलीला अमेरिकेत ट्रक कॅम्पर म्हणतात. खोलीत शेगडी, फ्रिज, बेसिन आणि बहुधा संडासही असतो. पलंग ड्रायव्हरच्या टपावर येतो. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. खोली त्यांच्यावर उचलून धरली की खालून ट्रक काढून घेता येतो. घर एकीकडे, चाके दुसरीकडे आणि दोन्हींची दुरुस्ती एकाच माणसाच्या गळ्यात, अशी ही व्यवस्था आहे. लेखक जॉन स्टाइनबेक १९६० साली कुत्र्याला सोबत घेऊन अशाच कॅम्परमधून अमेरिकाभर हिंडला आणि १९६२ मध्ये त्या प्रवासावर त्याचे पुस्तक आले. ट्रकला त्याने डॉन किहोतेच्या घोड्याचे, रोसिनांते हे नाव दिले होते. तो ट्रक आज कॅलिफोर्नियातील सलिनास येथील संग्रहालयात छपराखाली उभा आहे. गळती, वजन आणि बॅटरी या तिन्ही व्याधींतून सुटलेला कॅम्पर पाहायचा असेल तर तिथेच जावे लागते.

डागडुजीचा आरंभ ड्रायव्हरच्या दारापासून करावा. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसे आणि सामान मिळून या ट्रकवर किती भार चालेल, हे त्यावर लिहिलेले असते. कॅम्परच्या माहितीपत्रकातही वजन दिलेले असते, पण ते कोरडे वजन. त्यात पाणी, गॅस, अंथरूण-पांघरूण, तांदळाची पिशवी आणि खुद्द मालक धरलेले नसतात. ३० गॅलनची टाकी काठोकाठ भरली की पाण्याचेच ११३ किलो होतात. खरा आकडा हवा असेल तर भरलेली गाडी महामार्गावरच्या वजनकाट्यावर न्यावी. काट्याची पावती डॅशबोर्डच्या कप्प्यात सर्वांत खाली ठेवण्याची प्रथा आहे.

ट्रकची मागची बाजू बसू लागली की मालक स्प्रिंगांच्या जोडीला हवेच्या पिशव्या बसवतो. मागची बाजू वर येते आणि झाडांच्या शेंड्यांवर पडणारा दिव्यांचा झोत पुन्हा रस्त्यावर पडू लागतो. स्टिकरवरचा आकडा मात्र त्याने एका किलोनेही वाढत नाही, कारण आस, टायर आणि ब्रेक तेच असतात. गाडी सरळ दिसते, आणि या छंदात तेवढ्यावर बरेच भागते.

यानंतर छत. कॅम्परचे खरे वैर पाण्याशी असते, आणि पाणी पिण्याच्या टाकीपेक्षा छतावाटेच अधिक येते. पुष्कळ कॅम्परांचे छत म्हणजे प्लायवुडवर चिकटवलेला रबराचा पातळ पत्रा. पंखा, वायुनलिका, अँटेना, सोलर पॅनेलची वायर अशा प्रत्येक सोयीसाठी त्याला एक भोक पाडलेले असते आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंटचा थर असतो. ऊन, थंडी आणि रस्त्यावरचे हादरे यांनी थर तडकतो. शिरलेले पाणी लाकडाच्या पट्टीवरून वाट काढत जाते, त्यामुळे डाग उशाशी उमटतो आणि भोक सापडते संडासाच्या वर. डागाच्या नेमके वर सीलंट फासणे हा या शास्त्रातला पहिला धडा होय. त्याचा उपयोग होत नाही, पण तो कोणीही चुकवत नाही.

निदानासाठी भिंती अंगठ्याने दाबत जावे. जिथे अंगठा आत जाईल तिथे थांबावे आणि त्या आठवड्याचे बाकीचे बेत रद्द करावेत. कोपऱ्यावरच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीत प्लास्टिकची फीत दाबून बसवलेली असते. ती उपसली की खाली स्क्रूंची रांग दिसते. या धंद्यात चौकोनी खाचेचे स्क्रू वापरतात. पी. एल. रॉबर्टसन या कॅनडियन गृहस्थाने गेल्या शतकाच्या आरंभी ते प्रचारात आणले. मालकाच्या पेटीत मात्र फुलीच्या खाचेचेच स्क्रू ड्रायव्हर असतात. पहिले दोन-तीन स्क्रू नीट सुटतात. पुढचा गंजाने तांबडा झालेला असतो. त्याच्या पुढचा नुसता जागच्या जागी फिरतो, कारण त्याने धरून ठेवावे असे आत काही उरलेले नसते. पट्टी निघाली की मागचे लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे बोटांत येते. ते कोरडे, घट्ट लाकूड लागेपर्यंत काढत जावे. किती काढावे लागेल याचा अंदाज आधी बांधू नये. बांधल्यास त्याची तिप्पट करावी.

नवे लाकूड बसवल्यावर पट्टीखाली ब्युटिलची चिकट टेप घालावी, स्क्रू आवळावेत, बाहेर आलेली टेप कापावी आणि वरून छतासाठीचे सीलंट द्यावे. आपोआप पसरणारे सीलंट सपाट जागेसाठी असते. उभ्या भिंतीवर लावले तरी ते पसरतेच, फक्त खाली. सिलिकॉन हे आधीच्या मालकाचे रामबाण औषध. ते एकदा लागले की त्या जागी पुढे काहीच धड चिकटत नाही, नवे सिलिकॉनसुद्धा नाही. म्हणून नव्या मालकाचा पहिला मोसम जुन्या मालकाचे सिलिकॉन खरवडण्यात जातो.

छताच्या पंख्याचे भोक बहुतेक ठिकाणी १४ इंच चौरस असते, त्यामुळे जुना दुबळा पंखा काढून नवा जोरकस पंखा त्याच जागी बसतो. वरच्या सर्व संकटांत न पाडणारी ही विरळा सुधारणा आहे. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी तर ती सर्वांत आधी करावी. एवढ्याशा खोलीत हिंगमोहरीची फोडणी पडली की धुराचा अलार्म ठणाणा करतो, आणि शेजारच्या तंबूतली माणसे पाणी घेऊन धावतात.

विजेच्या कामात आधी जुने बल्ब काढून एलईडी लावावेत. खर्च थोडा, बचत पुष्कळ आणि काम दहा मिनिटांचे. म्हणून ते बरेच जण शेवटी करतात. सुरुवात बॅटरीपासून होते. शिसे-आम्लाच्या १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढलेली बरी. तेवढ्याच लिथियम बॅटरीतून जवळजवळ सगळी काढता येते आणि तिचे वजनही निम्म्याच्या आसपास असते. कॅम्परचा भार कमी करणारी ही एकुलती एक सुधारणा आहे, म्हणून मालक अशा तीन बॅटऱ्या बसवतो. मग जुना चार्जर चालत नाही. तो बदलला की ट्रककडून येणारी वायर बारीक ठरते, आणि इंजिनावर चार्ज करायचे तर डीसी-डीसी चार्जर लागतो. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, त्यामुळे बॅटरीला घराच्या उबेत घ्यावे लागते आणि मालकाचे बूट बाहेर जातात. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. यावर मतभेद नाहीत.

जुना फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. आगीने बर्फ करण्याची ही युक्ती १९२२ साली फॉन प्लाटेन आणि मुन्टर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी काढली. त्यात फिरणारा एकही भाग नाही, आवाज नाही. अट एवढीच की तो समतल उभा हवा. म्हणून रम्य सरोवराकाठी पोहोचल्यावर मालक सरोवराकडे पाठ करून पाणसळीतला बुडबुडा पाहत बसतो. या जाचाला कंटाळून तो कॉम्प्रेसरचा फ्रिज घेतो. त्याला वीज जास्त लागते, विजेसाठी आणखी सोलर पॅनेल लागते, पॅनेलसाठी छताला भोके पाडावी लागतात. यापुढची कृती वर छताच्या भागात आली आहे.

गॅसच्या जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी ओढून पाहू नये. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड हेरणाऱ्या यंत्रांच्या पाठीवर तारीख असते; ती उलटली की यंत्र बदलावे, मग त्याचा दिवा हिरवा का असेना. हीटर पेटत नसेल तर सुट्या भागांची मागणी नोंदवण्याआधी धुराड्यात डोकावावे. कुंभारीण माशीने तिथे मातीचे घर बांधलेले असते, आणि तिच्या घराला गळती नसते.

मैल्याच्या टाकीचा दर्शक टाकी रिकामी असतानाही दोनतृतीयांश भरल्याचे दाखवतो, कारण आतल्या खिळ्यांना कागद चिकटून बसतो. तो दुरुस्त करण्याचे अनेक उपाय आहेत. काही दिवस दर्शक खरे बोलतो, मग पुन्हा दोनतृतीयांशावर येतो. अनुभवी माणसे आवाजावरून अदमास घेतात.

हिवाळ्यापूर्वी नळ्यांत पाणी ठेवू नये. गोठले तर नळ्या फुटतात. पाणी काढून त्यांत कॅम्परसाठी मिळणारे गुलाबी अँटिफ्रीझ भरावे. दोन-तीन गॅलन पुरते. पण त्याआधी गिझरला वळसा घालणारा व्हॉल्व्ह फिरवायचा असतो. तो राहिला तर सहा गॅलनचा गिझर आधी स्वतःचे पोट भरतो आणि नळाला गुलाबी थेंब येत नाही. अशा वेळी पंपात बिघाड आहे असे समजून पंप उघडला जातो. वसंतात सगळे धुऊन काढावे आणि पाण्याचा रंग गेल्यावर चव पाहावी. रंग आधी जातो, चव मागाहून. तोवर चहा बाटलीबंद पाण्याचा करावा.